ओहोटीची शाळा

मुलांनो, समुद्रावर गेलात की तुम्ही काय काय करता? वाळूचा किल्ला बांधता. पाण्यात पाय भिजवता, लाट आली की ओरडत मागे पळता. भेळ खाता. सूर्य बुडाला की पायांची वाळू झटकून घरी येता. आणि किनाऱ्याच्या टोकाला तो काळा, ओबडधोबड खडक असतो ना, तिकडे गेलात की मागून हाक येते, "तिकडे नको रे, पाय घसरेल!"

हाक मारणाऱ्यांचं काही चुकत नाही. शेवाळावरून पाय घसरतोच. पण त्याच खडकावर एक शाळा भरते बरं का! दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा सुटते. तिला भिंती नाहीत, फळा नाही, आणि तिची घंटा वाजवतो चक्क चांदोबा! चला, आज तुम्हाला त्या शाळेत घेऊन जाते.

त्यासाठी जायचं मालवणला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं हे गाव. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलात की तिथून एस.टी. मिळते. मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. लोक धावतात ते किल्ला बघायला, होडीत बसायला. ते जरूर करा. पण आपली शाळा आहे इकडे, किनाऱ्यालगतच्या खडकावर. गावातल्या लोकांनी 'रॉक गार्डन' म्हणून सांगितलं की बरोबर पोचाल.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्याकडून चौथी पास होऊन गेलेली काही मुलं आता हायस्कूलला नववीत आहेत. गेल्या पौषात त्यांचे विज्ञानाचे सर म्हणाले, "बाई, अठ्ठावीस मुलं घेऊन खडकावर जातोय. बरोबर येता का? आणखी एक मोठं माणूस असलं म्हणजे बरं." मी कसली नाही म्हणतेय! उलट जुनी मुलं भेटतील म्हणून आनंदच झाला.

घंटा किती वाजता?

या शाळेत जायचं तर आधी गणित करावं लागतं. ओहोटी कधी, ते कळायला हवं ना! सरांनी मुलांना विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एक मुलगी मात्र पटकन म्हणाली, "सर, तिथीला पाऊण पट करायचं." तिचे बाबा मासेमारी करतात. घरी रोज हाच हिशोब चालतो.

तुम्हीही शिकून घ्या. समजा आज द्वितीया आहे. दोनला पाऊणने गुणा. आले दीड. म्हणजे दुपारी साधारण दीड वाजता पूर्ण भरती, आणि रात्री दीडच्या सुमाराला पुन्हा एकदा भरती. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे द्वितीयेला ओहोटी सकाळी पावणेआठला! चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागे मागे उशिरा येते. म्हणून हे पाऊण. आपल्या पूर्वजांनी घड्याळाशिवाय बसवलेला हा हिशोब आहे. तो ढोबळ आहे, गावागणिक थोडा पुढेमागे होतो. म्हणून जाण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही बघायचं.

आणि द्वितीयाच का निवडली? अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांची ओढ एकत्र होते. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. यालाच उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला ओढ विभागली जाते, मग पाणी बेताचंच हलतं, तो भांग. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो. म्हणून द्वितीयेला खडक अगदी खालपर्यंत उघडा पडतो आणि तोही सकाळच्या उजेडात. मालवणला उधाणात पाणी साधारण दोन मीटर चढतं-उतरतं. मुंबईला तर याहून बरंच जास्त!

चार मजल्यांची चाळ

आम्ही पावणेसातलाच पोचलो. ओहोटीच्या तासभर आधी जायचं आणि उतरत्या पाण्याच्या मागे मागे आपण उतरायचं, हा इथला नियम. पायात जुने कॅनव्हासचे बूट. चपला अजिबात नकोत. मुलांच्या हातात होतं वही, पेन्सिल, भिंग, साधा थर्मामीटर आणि एक चौकट. ही चौकट मुलांनीच चिव्याच्या कामट्या बांधून केली होती, अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद. तिचं काम पुढे सांगते.

तुम्ही चाळ पाहिली आहे ना? वरच्या मजल्यावर वेगळी बिऱ्हाडं, तळमजल्यावर वेगळी. खडकाचं अगदी तसंच असतं.

सर्वांत वरचा मजला. इथे पाणी क्वचितच पोचतं, येतात ते नुसते तुषार. पहिल्यांदा तर वाटतं, इथे कुणी राहतच नाही. पण भिंग लावून भेगेत बघा. मिरीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. दुपारी हा खडक इतका तापतो की आपल्याला हात ठेववत नाही. मग या करतात काय? शंखाच्या तोंडावर एक झाकण असतं, ते घट्ट लावून घेतात. आत थोडं पाणी धरून ठेवतात आणि पुन्हा ओलावा येईपर्यंत गप्प बसतात.

त्याखालचा मजला पांढुरका दिसतो. जवळ जा. लहान लहान ज्वालामुखी पर्वतांसारखे शेकडो सुळके खडकाला चिकटलेले. हे बार्नेकल. हाताला चांगलेच खरखरीत लागतात, कातडी सोलवटते, तेव्हा जपून! वरून कुणालाही हा शिंपल्याचा भाऊ वाटेल. शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. पण जॉन व्हॉन थॉम्पसन या संशोधकाने त्याची पिल्लं पाण्यात पोहताना पाहिली आणि १८३० साली सांगून टाकलं की हा खेकडा-कोळंबीचा नातेवाईक आहे. म्हणजे तुमच्या पुस्तकातला संधिपाद! पिल्लू असताना हा मोकळा पोहतो. मग एक जागा पसंत करतो, डोकं खडकाला चिकटवतो, भोवती चुन्याचं घर बांधतो आणि पुढचा सगळा जन्म डोक्यावर उभा राहून पायांनी अन्न ओढून घेतो. आहे की नाही गंमत!

चार्ल्स डार्विनने या बार्नेकलवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं काम केलं. असं सांगतात, की त्याच्या एका मुलाने शेजारच्या घरातल्या बाबांबद्दल विचारलं होतं, "मग ते त्यांचं बार्नेकलचं काम कुठे करतात?" त्या बिचाऱ्याला वाटत होतं, सगळ्याच बाबांना हे काम असतं!

तिसरा मजला कालवांचा. कालवं तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खाल्ली असतील. इथे ती खडकाला चिकटलेली बघा. एक शिंपला खडकात रुतलेला, दुसरा त्यावर झाकणासारखा. शेजारी चिनी टोपीच्या आकाराचे लिंपेट. हे रात्री किंवा भरतीच्या पाण्यात फिरून शेवाळ खरवडून खातात आणि यांच्यातल्या काही जाती तर फिरून आपल्या ठरलेल्या जागेवरच परत येतात. खडकावर त्यांच्या शंखाच्या मापाची खूण पडलेली असते. जणू घराचा पाटच!

आणि तळमजला. हा उघडा पडतो फक्त उधाणाच्या ओहोटीत. इथे रंगच रंग. हिरवंगार सागरी शेवाळ, जपानी पंख्यासारखं दिसणारं पडिना, हवेच्या फुग्यांवर तरंगणारं तपकिरी सरगॅसम. आणि खडकातल्या डबक्यांत... थांबा, डबक्यांसाठी वेगळं बसायला हवं.

डबक्याकाठी दहा मिनिटं

सरांनी मुलांना एकच सूचना दिली. "चौघा चौघांनी एक डबकं निवडा. काठावर बसा. दहा मिनिटं हात नाही, आवाज नाही. नुसतं बघायचं."

पहिली दोन मिनिटं कुणालाच काही दिसलं नाही. "सर, इथे काही नाहीये," अशी तक्रारही आली. सर हसले, पण उठले नाहीत. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला एक शंख चालायला लागला. शंख, आणि इतक्या तुरुतुरु? गोगलगाय काही अशी पळत नाही. नीट पाहिलं तर खालून पाय आणि दोन नांग्या. तो होता शंखातला खेकडा. याची पाठीमागची बाजू मऊ असते, म्हणून हा मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख शोधतो आणि त्यात बिऱ्हाड करतो. वाढला की मोठा शंख शोधतो.

मग एक बोटभर मासा दगडाखालून डोकावला. मग एका कोपऱ्यात ज्याला मुलं 'चिखलाचा गोळा' म्हणत होती, त्या गोळ्याने पाकळ्या उघडल्या. समुद्रफूल! नाव फूल, पण आहे प्राणी. त्या पाकळ्यांत सूक्ष्म दंश करणाऱ्या पेशी असतात. एखादा छोटा जीव लागला की पाकळ्या मिटल्या आणि झालं जेवण. दहा मिनिटं संपली तेव्हा 'काही नाही' म्हणणाऱ्या गटाच्या वहीत नऊ नोंदी होत्या.

मुलांनो, पुढच्या वर्षी ही मुलं दहावीत 'प्राण्यांचे वर्गीकरण' शिकतील. रंध्रीय, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी अशी लांबलचक नावं पाठ करावी लागतात. पण त्या सकाळी बार्नेकल आणि खेकडा पाहून एक मुलगा आपणहून म्हणाला, "दोघांचे पाय सांध्याचेच आहेत." नाव अजून त्याला यायचं होतं, ओळख मात्र झाली होती. ओळख आधी झाली की नाव लक्षात ठेवायला त्रास पडत नाही, हे तुम्हाला वर्गातल्या नव्या मित्रावरूनही माहीत असेल.

आता एक प्रयोग. शंखातल्या खेकड्यावर हाताची सावली धरली की तो झटकन आत जातो. किती सेकंदांनी बाहेर येतो? घड्याळ लावा. थोड्या वेळाने पुन्हा. मग तिसऱ्यांदा. त्याला सवय होते का? तो लवकर बाहेर येतो का? सरांनी सांगितलं होतं, तीनच वेळा. चौथ्यांदा केलं तर तो प्रयोग राहत नाही, छळ होतो. मुलांनी सहा खेकडे पाहिले. काही धीट निघाले, काही भित्रे. एकाने तर मुळीच तोंड दाखवलं नाही!

शून्यसुद्धा लिहायचं

मग निघाल्या चौकटी. काम असं. खडकाच्या प्रत्येक मजल्यावर चौकट ठेवायची आणि चौकटीच्या आत कोण किती आहेत ते मोजायचं. चौकट अर्ध्या मीटरची, म्हणजे तिचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर. समजा चौकटीत २० कालवं सापडली, तर एका चौरस मीटरला झाली ८०. सगळा खडक मोजायला नको, अंदाज येतो. पण चौकट कुठे ठेवायची, ते आपण ठरवायचं नाही. वहीतल्या चिठ्ठ्या उचलायच्या, चिठ्ठीत जितकी पावलं लिहिली असतील तितकी चालायची आणि तिथेच चौकट ठेवायची.

एका गटाची चौकट पडली नेमकी उघड्या बोडक्या खडकावर. आत काही म्हणजे काहीच नाही. शेजारच्या गटाला सापडली होती भरगच्च कालवं. मुलं हिरमुसली. एकाने हळूच पायाने चौकट दोन हात सरकवली, कालवांवर. आणि मोजायला बसला.

सरांनी ते पाहिलं. ओरडले नाहीत. जवळ येऊन विचारलं, "चिठ्ठीत किती पावलं होती?"

"अकरा."

"मग ही बारावी-तेरावी कशी?"

मुलगा म्हणाला, "सर, तिथे काहीच नव्हतं. मग काय लिहायचं?"

"शून्य लिहायचं."

"शून्य लिहिलं तर आमचं काम कमी दिसेल ना सर!"

सर तिथेच खडकावर बसले आणि सगळ्यांना गोळा केलं. म्हणाले, "प्रत्येक गटाने चांगली चांगली जागा शोधून मोजलं, तर आपल्या वहीत हा खडक कालवांनी खचाखच भरलेला दिसेल. आणि दोन वर्षांनी खरंच कालवं कमी झाली, तरी आपल्या वहीत ती तेवढीच राहतील. कारण आपण दर वेळी जिथे आहेत तिथेच मोजणार! मग आपल्याला कळणार कसं?"

कुणी काही बोललं नाही. चौकट परत अकराव्या पावलावर गेली. वहीत लिहिलं गेलं, 'कालवं ०, बार्नेकल ०, लिंपेट ०.' मला विचाराल, तर त्या दिवशीचा सर्वांत मोठा धडा त्या तीन शून्यांत होता. परीक्षेत शून्य मिळालं की आपल्याला लाज वाटते. इथे शून्य लपवलं असतं तर लाज वाटायला हवी होती.

पण त्या शून्यातून एक प्रश्न निघाला. ती बोडकी जागा पायवाटेच्या अगदी तोंडाशी होती. एक मुलगी म्हणाली, "सर, इथून सगळे पर्यटक उतरतात. पायाखाली चिरडून गेली असतील का?" दुसरा म्हणाला, "नाही, इथे ऊन जास्त पडतं." तिसरा म्हणाला, "कुणी फोडून नेली असतील." तिघांचंही खरं असू शकतं. सरांनी उत्तर दिलं नाही. एका मोजणीवरून ते देताही आलं नसतं. मग मुलांनीच ठरवलं, की पावसाळा सोडून दर महिन्याच्या द्वितीयेला यायचं. वाटेजवळ पाच आणि वाटेपासून लांब पाच अशा चौकटी, उंचीचा मजला मात्र तोच. मोजायचं आणि तुलना करायची.

तारामासे फेकणारा शास्त्रज्ञ

तुम्हाला वाटेल, हे मोजणंबिजणं शाळकरी पोरांचं काम. मोठे शास्त्रज्ञ यंत्रं वापरत असतील. मग या दोन गोष्टी ऐका.

जोसेफ कॉनेल नावाचा एक तरुण संशोधक १९५० च्या दशकात स्कॉटलंडच्या खडकांवर जात असे. तिथे दोन जातींचे बार्नेकल. एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या. वरचा खाली का राहत नाही? त्याला खाली मानवत नाही की काय? कॉनेलने खडकावर काच धरली आणि एकेका बार्नेकलची जागा काचेवर टिपून घेतली. काही महिन्यांनी पुन्हा तीच काच तिथेच धरली. कोण आहे, कोण गेलं? काही ठिकाणी त्याने खालच्या जातीचे बार्नेकल काढून टाकले. तेव्हा वरची जात खालीही छान जगली! म्हणजे खाली तिला मानवत होतं, पण दांडगा शेजारी तिला उचकटून, चिरडून टाकत होता. १९६१ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. साधन काय, तर एक काचेचा तुकडा आणि भरपूर चिकाटी.

दुसरा रॉबर्ट पेन. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर १९६३ पासून तो एका खडकावरचे तारामासे उपटायचा आणि लांब समुद्रात फेकायचा. वारंवार जायचा आणि फेकायचा. तारामासे खातात शिंपले. खाणाराच नाही म्हटल्यावर शिंपले इतके माजले, की त्यांनी बाकीच्यांना जागाच ठेवली नाही. आधी तिथे पंधरा जाती होत्या, त्यांच्या आठ झाल्या. एक शिकारी गेला आणि सगळं गाव उजाड झालं. दगडी कमानीच्या मधोमध एक दगड असतो ना, जो काढला की सगळी कमान ढासळते? पेनने १९६९ साली अशा प्राण्यांना त्या दगडाचंच नाव दिलं, 'कीस्टोन'. आज जगभर जीवशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. आपण काही उपटायचं नाही आणि फेकायचंही नाही. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटर भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. शिवाय प्रवाळ, समुद्री काकडी, समुद्रघोडा यांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सगळीकडेच संरक्षण आहे. बघून, मोजून, चित्र काढून जे कळतं, ते आपल्यासाठी पुष्कळ आहे.

"तो जितो आसा!"

त्या सकाळी खडकावर आणखी एक बाई होत्या. पाटी घेऊन कालवं काढायला आलेल्या. पदर खोचलेला, हात सराईत. आम्ही मोजत होतो आणि त्या कौतुकाने बघत होत्या. एका मुलाने सुंदर ठिपक्यांचा शंख उचलून खिशात टाकला. आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही, त्यांच्या मात्र आलं. त्या म्हणाल्या, "अरे झिला, तो जितो आसा. होतो थंयच ठेव."

मुलाने शंख काढून उलटा केला. खरंच, आत जीव होता. तो गोरामोरा झाला आणि जिथून उचलला होता तिथे नेऊन ठेवून आला. मग मुलं त्या मावशींभोवती जमली. कालव कुठलं काढायचं, कुठलं ठेवायचं? लहान कालवांना त्या हात लावत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी या खडकाच्या कुठपर्यंत कालवं होती तेही त्यांनी हाताने दाखवलं. सरांनी ती रेघ वहीत काढून घ्यायला सांगितलं. खाली लिहिलं, 'मावशींची आठवण.' मोजणीच्या आकड्यात ती मिसळली नाही, पण वहीत जागा मिळाली.

शंखांबद्दल आणखी एक ताकीद. आइस्क्रीमच्या कोनासारखा, एका टोकाला निमुळता असा देखणा शंख दिसला तर कधीही हातात घेऊ नका. तो शंकूशंख असू शकतो. त्यातली गोगलगाय विषारी बाण मारते, आणि काही जातींचं विष माणसाच्या जिवावर बेततं. तसंच दगड उलटला तर होता तसा परत ठेवायचा. आपण छप्पर काढून निघून गेलो, तर खालची बिऱ्हाडं उन्हाने मरतात.

साडेआठ झाले तशा मावशींनीच हाक दिली, "पाणी भरूक लागला. आता वर येवा!" समुद्राकडे कधी पाठ करायची नाही आणि पाणी वळलं की रेंगाळायचं नाही. हा नियम मुलांना आधीच सांगितला होता. एकेक मजला सोडत आम्ही वर आलो. वरून पाहिलं तर आमच्या डबक्यात पहिली लाट शिरत होती. बार्नेकलांची दारं आता उघडत असतील, समुद्रफुलं फुलत असतील. आमची शाळा सुटली होती, त्यांची जेवणाची सुट्टी सुरू झाली होती!

तुमच्या गावात समुद्र नाही?

नसू द्या. हायस्कूलच्या प्रयोगशाळेत फॉर्मालिनच्या बरणीत एक पांढराफटक तारामासा असतो. तो बघायला मिळतो म्हणून आम्ही त्याचे उपकार मानतो, पण तो चालत नाही, खात नाही, भीत नाही. जिवंत जीव मात्र तुमच्याजवळही आहेत. लातूरला असा की नागपूरला, कामट्यांची एक चौकट बांधा. शाळेच्या मैदानात गवतावर ठेवा. मग झाडाच्या सावलीत ठेवा. मुंग्या किती, गवताच्या जाती किती, गांडुळाच्या मातीच्या गोळ्या किती? पावसाळ्यात मोजा, उन्हाळ्यात मोजा. तळ्याच्या काठी, विहिरीच्या भिंतीवर, भाताच्या बांधावर दहा मिनिटं गप्प बसा. पहिल्या दोन मिनिटांत काही दिसणार नाही, तेव्हा कंटाळून उठू नका.

पालकांनाही एक विनंती. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन डबक्याकाठी बसली, तर "अभ्यास सोडून हे काय?" असं विचारू नका. शेजारी बसा. समुद्रावर मात्र मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मुलांना खडकावर पाठवू नका. आणि घरी आजोबा-आजींना तिथीचा हिशोब येतो का ते विचारून पाहा. येत असेल तर तो लिहून ठेवा.

त्या नववीच्या मुलांच्या वहीत पुढच्या द्वितीयेची पानं आधीच आखून झाली आहेत. वाटेजवळच्या पाच चौकटी डावीकडे आणि लांबच्या पाच उजवीकडे. कालवं कमी का, ते त्यांना अजून माहीत नाही. कदाचित वर्षभर मोजल्यावर कळेल, कदाचित नवाच प्रश्न निघेल.

आता तुमच्यासाठी एक गणित. येत्या पंचमीला कोकणात पूर्ण भरती साधारण किती वाजता असेल? आणि ओहोटी? खडकावर पोचायचं तर घरातून किती वाजता निघायला हवं? कागद-पेन्सिल घ्या आणि लागा कामाला!